टरफलावरचे दाणे

निहार, तू पाठवलेला फोटो मिळाला. तुझी बहीण मैत्रेयी संग्रहालयात एका काचेच्या पेटीसमोर उभी आहे आणि पेटीत वाळूवर सहा दगडी अंडी मांडली आहेत. खाली तू लिहिलं आहेस, "आजी, तुझ्या कपाटातला गोल दगड अगदी असाच दिसतो. तो खरा आहे का?" मी फोन पालथा ठेवला आणि तशीच बसून राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं. माझ्या हातून दूध उतू जात नाही, हे तुमच्या आईला विचारा. ओटा पुसला, पातेलं घासायला घेतलं आणि घासता घासता हात थांबले. इतक्या वर्षांनीही त्या दगडाचं नाव कुणी काढलं की मला त्या दुपारचा धक्का नव्याने बसतो. म्हणून ठरवलं की फोनवर दोन ओळींत उत्तर द्यायचं नाही, नीट लिहायचं.

आम्ही तेव्हा अमरावतीला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा आणि मागे फरशी घातलेलं लहानसं अंगण, जिथे भांडी घासली जात. घरात मी, आई, बाबा आणि बाबांची आई, म्हणजे माझी आजी. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. अचलपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका रस्त्याचं काम सुरू होतं. सोमवारी पहाटे ते एसटीने जात आणि शनिवारी संध्याकाळी परत येत. ते आले हे आम्हाला त्यांच्या आवाजाने कधी कळलं नाही. ओट्यावर कापडी पिशवी टेकल्याचा धप्प आवाज व्हायचा आणि स्वयंपाकघरातून आजी म्हणायची, "आला माया डोंगऱ्या! लोकाईचे पोरं शनवारी बाजार आनतात, हा दगडं आनते." बाबा हसत आणि पाय धुवायला मागे जात. मग ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि तेलात परतलेला मिरचीचा ठेचा. जेवण होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, हा आईचा नियम होता. बाबा पाळायचे, पण घास घेताना नजर ओट्याकडे असायची.

रस्त्यासाठी टेकडी फोडताना काळ्या दगडाच्या खाली एक पांढुरका, चुन्याचा, वाळू मिसळलेला थर लागला होता. त्या थरात त्यांना पहिलं हाड सापडलं. मजुरांना वाटलं बैलाचं असेल. बाबांनी ते उचललं तर दगडाइतकं जड. मॅट्रिकपर्यंत शिकलेला हा माणूस, त्याने शहरातल्या एका वाचनालयातून प्राचीन प्राण्यांवरचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मला इंग्रजी शाळेत घातल्याचा घरात पहिला उपयोग झाला तो असा. रविवारी सकाळी मी डिक्शनरी घेऊन वाचायची, मराठीत सांगायची आणि बाबा वहीत लिहून घ्यायचे. डायनासोर हा शब्द आमच्या गल्लीत कुणी ऐकला नव्हता. आजी त्याला "तो मोठा सरडा" म्हणायची.

हाड ओळखायची एक रीत बाबांनी त्या पुस्तकातून उचलली. दगडाला जीभ लावायची. साधा दगड असेल तर जीभ सहज सुटते. जुनं हाड असेल तर त्यातली बारीक छिद्रं ओलावा ओढतात आणि जीभ किंचित चिकटते. आम्ही दोघं ओट्यावर बसून एकामागून एक दगड चाटत असू. एकदा आजीने मला तसं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काय वं पोरी! पोटुशी बाई माती चाटते. तुयं अजून लगन नाही झालं, कोनी पाह्यलं म्हनजे?" तिने त्या दिवसापासून माझ्यावर पंधरा दिवस बारीक नजर ठेवली होती हे मला फार उशिरा कळलं. जिभेनंतर भिंग. हाडात मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. आणि शेवटी लिंबू. भोवतीचा खडक चुन्याचा आहे की नाही हे पाहायला बाबा त्यावर लिंबाचा एक थेंब टाकत. चुना असेल तर फेस येतो. हे मी कितीदा पाहिलं असेल, मोजता येणार नाही. लक्षात ठेवा, मी पाहिलं होतं.

मग एका शनिवारी पिशवी टेकल्याचा आवाजच झाला नाही. बाबांनी ती दोन्ही हातांनी, भरलेलं दुधाचं भांडं धरावं तशी आत आणली आणि जेवणाच्या आधी उघडली. आईने ताटं झाकून ठेवली. जुन्या धोतरात गुंडाळलेला, सोललेल्या नारळाएवढा एक गोल दगड होता. बहुतेक भाग मातकट आणि खडबडीत, पण एका अंगाला तळहाताएवढ्या जागेवर काळपट साल होती. बाबांनी भिंग माझ्या हातात दिलं. त्या सालीवर दाणे होते, खसखशीसारखे, एकाला एक लागून. कडेला साल तुटली होती तिथे तिची जाडी दिसत होती, नखापेक्षा थोडी जास्त. बाबा म्हणाले, "दगडाले टरफल नसते, बाई." एवढंच म्हणाले. त्या डोंगरात हाडं मिळतात हे जाणकारांना ठाऊक होतं, पण तिथे अंडं कुणाला मिळाल्याचं आम्ही वाचलेल्या कशातच नव्हतं.

गोष्ट बाहेर पडायची ती पडलीच. बाबांचे वरिष्ठ, एक डेप्युटी इंजिनिअर, ऑफिसात सगळ्यांसमोर विचारू लागले, "काय ओव्हरसियर, उबवून राहिले का नाही? पिल्लू निघालं की सांगजा, खात्यात रोडरोलर म्हणून लावून घेऊ." बाबा घरी येऊन हे हसत सांगायचे. पण एके दिवशी त्याच साहेबांनी हसणं सोडून म्हटलं, "तुमच्या सांगण्यानं थोडंच होते? कोनी शिकल्या-सवरल्यानं सांगाव लागते." त्या रविवारी बाबांनी मला नागपूरच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहायला बसवलं. इंग्रजी माझं, मजकूर त्यांचा. कुठल्या थरात, जमिनीपासून किती खाली, कुठल्या दिशेला तोंड करून पडलेलं होतं, सगळं. दाण्यांबद्दल त्यांनी तीनदा वाक्य बदलायला लावलं. पंधरवड्यात उत्तर आलं. प्राध्यापक स्वतः येणार होते. वर्णन बरोबर असेल तर जागा पाहून तो शोध बाबांच्या नावानिशी नोंदवू, असं त्यांनी लिहिलं होतं. बाबांनी ते पत्र इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात आठवडाभर वागवलं.

आता आईबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घराण्याने बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा आजी-आजोबांनी देव्हाऱ्यातले देव नेऊन नदीत सोडले. पितळेची भांडी मात्र ठेवली. पाणी भरायचे दोन गुंड, एक घंगाळ, परात, पाच तांबे. लग्न होऊन आल्यापासून त्या भांड्यांची मालकी आईकडे होती आणि ती चिंच, मीठ आणि राख लावून ती अशी घासायची की परातीत चेहरा दिसावा. तिचं माहेर तेल्हाऱ्याकडचं. तिथे लहानपणी लोक तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, भांड्याला शिवू न देता. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. एवढंच म्हणायची, "दुसऱ्याच्या घरी भांडं मळकं असलं त भांडं मळकं दिसते. आपल्या घरी भांडं मळकं असलं त आपन मळके दिसतो." नागपूरचा मोठा माणूस घरी येणार, आपल्या घरी जेवणार, म्हटल्यावर तिने चार दिवस आधीपासून घर खाली-वर केलं. भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या, काचा पुसल्या, पलंगाचे पाय धुतले. आजी म्हणाली, "पाहुना पलंगाखाली बसून राह्यला काय?" आई म्हणाली, "नजर कुठंई जाते."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाबा कामावरून यायचे होते. सकाळपासून आई आणि मी मागच्या अंगणात पितळ घासत होतो. भांडी झाली. बादलीत चिंचेचा कोळ उरला होता, पिळलेल्या लिंबांच्या सालींचा ढीग होता. आई पिठाच्या गिरणीत गेली. मी ओट्यावर आले तर बाबांच्या खोक्यात ते सगळे दगड मातीने भरलेले, ओबडधोबड. चकचकीत परातीशेजारी ते मला कसेतरीच वाटले. मला खरंच वाटलं की माती निघाली तर दाणे आणखी उठून दिसतील. हाडं मी नुसत्या पाण्यात ब्रशने धुतली. अंड्यावरची माती निघेना. मग मी ते चिंचेच्या बादलीत ठेवलं, वर अर्धा डझन लिंबं पिळली आणि मूठभर मीठ टाकलं. लगेच फेस आला. बारीक बुडबुडे, सिसकारल्यासारखा आवाज. मला आनंद झाला. मळ निघतो आहे असं मला वाटलं. बाबांचा तो एक थेंब म्हणजे परीक्षा होती आणि माझी ही बादली म्हणजे स्वच्छता. दोन्ही एकच आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी शाळेत पहिली येणारी मुलगी होते. दुपारी आम्ही जेवलो, मी इतिहासाचा धडा वाचला, मग जाऊन नारळाच्या काथ्याने आणि राखेने ते चांगलं रगडलं. पाणी बदलून धुतलं. उन्हात ठेवलं. ते फिकट, गुळगुळीत, सुंदर दिसत होतं. मग सगळे दगड आकाराप्रमाणे लावले, अंडं मधोमध, आणि वर धुतलेला पांढरा रुमाल टाकला. त्या दिवशी बाबांची बस चुकली. ते सकाळी पाहुण्यांच्या तासभर आधी पोचले, रुमाल पाहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दाढी करायला गेले.

प्राध्यापक उंच, सावळे, मऊ बोलणारे होते. त्यांच्यासोबत डेप्युटी इंजिनिअरही आले, कारण जीप त्यांच्या ऑफिसची होती. चहा आला. इंजिनिअरसाहेबांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. प्राध्यापक पूर्ण प्याले. रुमाल निघाला. त्यांनी एक हाड उचललं, खिशातून भिंग काढलं. "हे हाड आहे. यात शंकाच नाही. मांडीच्या हाडाचा खालचा भाग असावा." दुसरं, तिसरं. "छान. फार छान जपलंत." बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. मग प्राध्यापकांनी अंडं घेतलं. फिरवलं. भिंग लावलं. पुन्हा फिरवलं. खिडकीपाशी गेले. खोलीत आईची पोळी तव्यावर आपटल्याचा आवाज येत होता.

"कवच कुठल्या बाजूला म्हणालात?"

"ह्या अंगाले, साहेब. वरतं."

त्यांनी माझं पत्र काढलं. माझं, निळ्या शाईतलं, समास सोडलेलं. त्यातली ती ओळ वाचली आणि मराठीत म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, खसखशीसारखे दाणे, एकाला एक लागून. मला इथे काहीच दिसत नाही. ही चुनखडीची गाठ आहे. अशा गोल गाठी त्या थरात पुष्कळ मिळतात."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मला त्या क्षणी सगळं दिसलं. बादली, बुडबुडे, तो सिसकारा. राखेच्या पाण्यात निघून गेलेला काळपट रंग, जो मी मळ समजून मोरीत ओतला होता. हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते आहे, वाढवून नाही.

बाबा उठले. त्यांनी दगड हातात घेतला, अंगठा त्या जागेवर फिरवला. पुन्हा फिरवला. आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता, जणू कुणी दगड बदलला असावा. मग सवयीने त्यांनी तो तोंडाजवळ नेला आणि जीभ लावली.

इंजिनिअरसाहेब मोठ्याने हसले. "अहो, आमलेट नाही जमलं, आता कच्चंच खाता काय?"

बाबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते माझ्याकडे पाहत होते. फक्त क्षणभर. मग प्राध्यापकांकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मायी नजर चुकली असन, साहेब. हौशी मानूस. जे पाहावं वाटलं ते दिसलं."

"होतं असं," प्राध्यापक म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. मी स्वतः फसलोय. हाडांचं मात्र मी टिपण करतो."

"आन पत्रात लिहिलं ते?" इंजिनिअर म्हणाले. "खसखस?"

"तेई मायंच," बाबा म्हणाले. "पोरीनं फक्त इंग्रजी केलं."

मी मागे गेले. मोरीपाशी बसले आणि फरशीच्या फटीत बोटं घालून पाहू लागले, काही उरलं आहे का. राख होती, चिंचेचे दोन चिंचोके होते. आत पानं वाढली जात होती. इंजिनिअरसाहेब घरून जेवून आल्याचं सांगून जीपमध्ये जाऊन बसले. प्राध्यापक जेवले. पाटोडीचा रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला आणि पितळी तांब्यातलं पाणी प्याले. आई मागे आली ती जवळजवळ धावत. तिचा चेहरा असा मी क्वचितच पाहिला असेल. "दोनदा घेतला वं त्यानं! मागून घेतला! आन तू इथं काय बसली?" मी म्हटलं, पोट दुखतंय.

ऊन उतरल्यावर बाबा ओट्यावर बसून दगड खोक्यात भरत होते, पुन्हा त्यांच्या जुन्या क्रमाने. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंडातून शब्द फुटायच्या आधी रडू फुटलं.

"बाबा, मी त्याले चिंच..."

"मले मालूम हाये. आंबट लागलं. खारटई."

"मंग सांगितलं काहून नाही? ते तुमाले खोटं समजले."

बाबांनी एक हाड जुन्या कापडात गुंडाळलं. घाई नव्हती त्यांच्या हातांना. "आन सांगून काय होते? टरफल वापस येते? सांगितलं असतं त त्या जीपवाल्यानं ऑफिसात काय सांगितलं असतं? ‘त्याइच्या घरी दिली चीज, घासून टाकली. ह्या लोकाईपाशी काई टिकत नाही.’ मी चुकलो म्हटलं त एक मानूस चुकला. तुयं नाव घेतलं असतं त सारं घर चुकलं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुया मायले सांगू नको. तिचा आजचा दिवस चांगला गेला."

मी सांगितलं नाही. आई त्या जेवणाची गोष्ट शेवटपर्यंत सांगत राहिली, अगदी तुमच्या आईच्या लग्नातसुद्धा. बाबा त्यानंतरही रस्त्यावर जात राहिले, शनिवारी पिशवी टेकत राहिली, पण तसं पत्र त्यांनी पुन्हा कुणाला लिहायला सांगितलं नाही. ऑफिसात त्यांना निवृत्तीपर्यंत अंडेवाले ओव्हरसियर म्हणत. मी पुढे अकोल्याला आले, ग्रंथालयात नोकरी केली, सगळं आयुष्य पुस्तकं जागच्या जागी ठेवण्यात गेलं. तो दगड बाबांच्या मागे माझ्याकडे आला. सालीवरचे दाणे पाहिलेली माणसं जगात दोनच होती. त्यातला एक गेला, आणि दुसरीनेच ते पुसले.

निहार, तुझा फोटो आल्यावर मी आठ दिवस काही केलं नाही. नवव्या दिवशी दगड टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातला आणि अमरावतीची बस धरली. तिथल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे. त्या सकाळी फोनवर त्यांनी सांगितलं होतं की दगडाचा कागदासारखा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर सालीचा अगदी पुसट थर उरला असला तरी कळू शकतो. नसेल उरला तर तेही कळेल. म्हणजे दगड कापायला लागणार होता. बस वलगावपाशी का कुठेशी थांबली तेव्हा उतरून परत जावं असंही मनात आलं. गेले नाही.

टेबलापाशी एक तरुण मुलगी होती, संशोधन करणारी, केस वर बांधलेले, बोलणं अगदी आमच्याकडचं. तिने फॉर्म दिला. शोधणाऱ्याचं नाव या रकान्यात मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. ठिकाण, थर, खोली, सगळं त्यांच्या वहीतून उतरवलं. खाली एक रकाना होता, नमुन्याची अवस्था. तिथे मी लिहिलं, कवचावरचे दाणे चिंच, लिंबू आणि राख लावून घासून काढलेले. काम शोधणाऱ्याच्या मुलीचं. आणि पुढे माझं नाव, लग्नाआधीचं.

मुलीने वाचलं. दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. तिचं तोंड खरोखर उघडं राहिलं.

"हे तुमी होय, आजी?"

"हो."

"बापरे. काहून घासलं वो?"

"घरी पाहुणे येणार होते," मी म्हटलं.